नारळाची करवंटी आणि वायूंची वाटणी

(विद्यार्थी व पालकांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी लिहून काढताना वाचकालाच श्रोता मानले आहे.)

कोळसा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे शेगडी येते, धूर येतो आणि काळे झालेले हात येतात. 'कोळसा उगाळावा तितका काळाच' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. म्हण खोटी नाही. परंतु तोच कोळसा नीट भाजला, त्याच्या पोटात तापलेली वाफ खेळवली, तर तो काळा राहूनही असे काम करतो की भल्याभल्या यंत्रांना ते सहज साधत नाही. तो हवेतले वायू पकडतो, त्यांना एकमेकांपासून वेगळे करतो आणि हवे तेव्हा सोडूनही देतो. या कोळशाविषयी आज आपल्याशी चार शब्द बोलायचे आहेत.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी विज्ञानाचा पदवीधर नव्हे. वर्गात इतिहास-भूगोल शिकवतो. तेव्हा समीकरणांनी फळा भरून टाकण्याचा धोका माझ्याकडून नाही. जे समजून घेतले, ते साध्या भाषेत आपल्यापुढे ठेवीत आहे. विषय निवडण्याचे कारणही सांगून टाकतो. नारळाची करवंटी हा आपल्या कोकणातील घरोघरचा कचरा. आणि आपल्या भागातील कितीतरी तरुण लोटे-परशुराम, महाड, तारापूर येथील रासायनिक कारखान्यांत पोटासाठी जातात. या दोन्ही गोष्टींचा आजच्या विषयाशी अगदी जवळचा संबंध आहे. आणि दुसऱ्या गोष्टीचा संबंध तर प्राणाशी आहे.

प्रथम हे पाहू या की कोळसा वायूला पकडतो म्हणजे नेमके काय करतो. सोड्याच्या बाटलीत कार्बन डायॉक्साइड वायू पाण्यात मुरलेला असतो. पाण्याच्या प्रत्येक थेंबात तो सारखा पसरलेला असतो. याला आपण शोषण म्हणतो. कोळशाचे तसे नाही. येथे वायूचे रेणू कोळशाच्या अंगात विरघळत नाहीत. ते त्याच्या पृष्ठभागावर येऊन चिकटून बसतात, जशी खिडकीच्या काचेवर धूळ बसावी. या क्रियेला परिभाषेत अधिशोषण असा शब्द आहे. इंग्रजीत यालाच 'ॲडसॉर्प्शन' म्हणतात आणि हा शब्द १८८१ मध्ये हाइनरिख कायझर या जर्मन शास्त्रज्ञाच्या लेखनातून रूढ झाला.

मात्र ही घटना त्याच्या पुष्कळ आधी लोकांच्या नजरेस आली होती. १७७३ मध्ये शेले या स्वीडिश रसायनज्ञाने कोळसा किती वायू धरून ठेवतो हे मोजले. १७७७ मध्ये इटलीच्या फोंताना याने लालबुंद कोळसा पाऱ्याखाली विझवून तो वायू भरलेल्या नळीत सोडला, तेव्हा वायू नाहीसा होऊन नळीत पारा वर चढू लागला. वायू गेला कुठे? तो कोळशाने धरला होता. १७८५ मध्ये रशियात लोविट्झ याने कोळशाने द्रवाचा रंग काढून दाखवला. आपल्याकडे एकावर एक मडकी ठेवून वाळू, खडी आणि कोळसा यांतून पाणी गाळण्याची जी तिपाई शाळेच्या पुस्तकात असे, तीही याच गुणावर उभी होती.

रेणू कोळशाला चिकटतात ते कशाने? गोंदाने नव्हे, आणि रासायनिक बंधानेही नव्हे. कोणतेही दोन रेणू अगदी जवळ आले की त्यांच्यात किंचित ओढ निर्माण होते. ही ओढ दुबळी असते. म्हणून चिकटलेला वायू हा घरमालक नसतो, भाडेकरू असतो. दाब वाढवला की तो राहायला येतो. दाब कमी केला किंवा कोळसा तापवला की चंबूगबाळे आवरून निघून जातो. या एका वाक्यात पुढच्या साऱ्या कारखानदारीचे गमक आहे, ते कृपया लक्षात ठेवावे.

आता प्रश्न असा की ओढ जर एवढी दुबळी, तर मूठभर कोळसा इतका वायू धरतो कसा? उत्तर आहे, जागेमुळे. बटाट्याचा एक घन घ्या, प्रत्येक बाजू एक सेंटिमीटर. त्याचे एकूण पृष्ठफळ झाले ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे एकेक मिलिमीटरचे तुकडे केले तर १००० तुकडे होतात आणि एकूण पृष्ठफळ होते ६० चौरस सेंटिमीटर. बटाटा तेवढाच, पृष्ठभाग दसपट. जितके बारीक विभाजन, तितकी जागा अधिक. कोळशात हेच तुकडे न करता, आतून छिद्रे पाडून साधले जाते.

चांगल्या सक्रियित कोळशाच्या एका ग्रॅममध्ये सुमारे १००० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. हा आकडा ऐकून काही उलगडा होत नाही, म्हणून आपल्या हिशोबात सांगतो. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे चिमूटभर, अवघ्या एक ग्रॅम कोळशाच्या पोटात जवळजवळ दहा गुंठे जागा दडलेली आहे. चार ग्रॅम कोळसा म्हणजे एक एकर! सातबारावर न चढलेली ही जमीन आहे आणि तिच्यावर वायूचे रेणू वस्तीला येतात.

या वस्तीची रचनाही समजून घेण्यासारखी आहे. कोळशातील छिद्रांचे तीन वर्ग मानतात. ५० नॅनोमीटरपेक्षा मोठी ती स्थूल छिद्रे. २ ते ५० नॅनोमीटरची ती मध्यम. आणि २ नॅनोमीटरपेक्षा लहान ती सूक्ष्म छिद्रे. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. स्थूल छिद्रे म्हणजे हमरस्ते, मध्यम म्हणजे गल्ल्या, आणि सूक्ष्म छिद्रे म्हणजे घरे. वायू मुख्यत्वे घरांतच मुक्काम करतो, कारण तेथे भिंती इतक्या जवळ असतात की रेणूला चोहोबाजूंनी ओढ लागते. पण हमरस्ते आणि गल्ल्या नसतील तर घरापर्यंत पोचायचे कसे? म्हणून कोळसा बनवणाऱ्याला तिन्हींचे प्रमाण सांभाळावे लागते.

आता असा कोळसा तयार कसा करतात ते पाहू. त्याच्या दोन पायऱ्या आहेत. पहिली पायरी आपल्याकडील लोणारी पिढ्यान्‌पिढ्या करीत आले : लाकूड किंवा करवंटी हवा कोंडून भाजणे. साधारण ४०० ते ६०० अंश सेल्सिअस तापमानाला, हवा मिळू न देता करवंटी तापवली की तिच्यातील पाणी, डांबरासारखा द्रव आणि जळाऊ वायू निघून जातात व मागे कोळसा उरतो. शंभर किलो करवंटीचा साधारणपणे तीस किलोच्या आसपास कोळसा मिळतो. परंतु हा कोळसा अजून आळशी असतो. त्याच्या छिद्रांची तोंडे डांबराने बुजलेली असतात.

दुसरी पायरी म्हणजे त्याला जागे करणे, सक्रिय करणे. यासाठी ८०० ते १००० अंशांपर्यंत तापलेल्या कोळशातून पाण्याची वाफ सोडतात. वाफ आणि तापलेला कार्बन यांची क्रिया होऊन कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन हे वायू तयार होऊन बाहेर पडतात. म्हणजेच वाफ कोळशाचा कण न् कण खात आत शिरते. वाळवी जशी लाकूड आतून पोखरते आणि बाहेरून खांब तसाच दिसतो, तसाच हा प्रकार. तुम्ही विचाराल, वाफेऐवजी साधी हवा का सोडत नाहीत? कारण हवा मिळाली की कोळसा पेट घेतो, उष्णता आणखी वाढते आणि तो बाहेरून जळून राख होतो. वाफेची क्रिया उलट उष्णता खाते. ती आवरता येते. जेवढी आच द्याल तेवढीच ती चालते.

येथे कौशल्य वेळेचे आहे. वेळ कमी दिला तर घरे अपुरी राहतात. वेळ जास्त झाला तर मधल्या भिंती पडून दोन घरांचे एक होते, कोळसा ठिसूळ बनतो आणि वजनही घटते. वाफेने आणि काही क्षारांच्या साह्याने कोळसा सक्रिय करण्याच्या पद्धतींची पेटंटे ऑस्ट्रेइको या संशोधकाने १९०० आणि १९०१ च्या सुमारास घेतली. तेथून या धंद्याला कारखान्याचे रूप आले.

दुसरी रीत रासायनिक आहे. लाकडाचा भुसा फॉस्फरिक आम्लात भिजवून ४०० ते ६०० अंशांना भाजला की भाजणे आणि सक्रिय करणे ही दोन्ही कामे एकदमच होतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिसळून ७०० ते ९०० अंशांना तापवले तर ३००० चौरस मीटरपर्यंत पृष्ठफळ मिळू शकते. म्हणजे एका ग्रॅममध्ये पाऊण एकर. पण ही रसायने नंतर धुऊन काढावी लागतात, त्या धुवणाचे पाणी शुद्ध करावे लागते आणि खर्च वाढतो. शिवाय जागा जास्त म्हणजे काम चांगलेच होईल असेही नाही. साध्या दाबाला कार्बन डायॉक्साइड पकडायचा असेल तर एक नॅनोमीटरपेक्षाही अरुंद घरे अधिक उपयोगी पडतात. मोठ्या वाड्यात पाहुणा टिकत नाही, लहान खोलीत टिकतो, असे म्हणा ना!

अलीकडच्या काळात छिद्रांचा आकार आधीच ठरवून कोळसा बनवण्याची युक्तीही साधली आहे. रव्याच्या लाडवाला जसा साचा, तसा वाळूच्या जातीच्या, म्हणजे सिलिकाच्या, सच्छिद्र पदार्थाचा साचा घ्यायचा. त्याच्या छिद्रांत साखरेचे द्रावण भरून हवा कोंडून भाजायचे आणि मग सिलिका विरघळवून टाकायची. साच्याच्या भिंतींच्या जागी सारखी, ओळीने मांडलेली छिद्रे उरतात. दक्षिण कोरियातील र्‍यू या शास्त्रज्ञाच्या गटाने १९९९ मध्ये असा कोळसा प्रसिद्ध केला.

आता नारळाच्या करवंटीचेच एवढे कौतुक का, ते सांगतो. करवंटी घट्ट असते, तिच्यात राख फार कमी असते आणि तिच्या कोळशात सूक्ष्म छिद्रांचे प्रमाण मोठे असते. म्हणून वायू पकडायला करवंटीचा कोळसा उत्तम. लाकडाच्या कोळशात मोठी छिद्रे अधिक असतात. तो रंग काढण्यास बरा, कारण रंगाचे रेणू आकाराने थोर असतात. आज भारत, श्रीलंका, फिलिपाइन्स आणि इंडोनेशिया या नारळाच्या देशांतून असा कोळसा जगभर जातो. आपल्या घरातील पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रात जी काळी नळकांडी असते, तिच्यातही पुष्कळदा करवंटीचाच कोळसा असतो.

कोळसा कोणता वायू धरील आणि कोणता सोडील, याचा एक साधा नियम विद्यार्थ्यांनी वहीत लिहून ठेवावा. जो वायू सहज द्रवरूप होतो, तो कोळशाला अधिक चिकटतो. क्लोरीन उणे ३४ अंशांना द्रव होतो. तो चांगला धरला जातो. कार्बन डायॉक्साइड उणे ७८ अंशांना गोठतो. तो मध्यम प्रमाणात धरला जातो. मिथेनचा उत्कलनबिंदू उणे १६१, प्राणवायूचा उणे १८३, कार्बन मोनॉक्साइडचा उणे १९१, नत्रवायूचा उणे १९६ आणि हायड्रोजनचा उणे २५३. जसजसे आपण या यादीत खाली जातो तसतशी कोळशाची पकड सैल होत जाते.

या नियमाचा पहिला मोठा उपयोग दुर्दैवाने युद्धात झाला. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला. त्याच वर्षी रशियात झेलिन्स्की या रसायनज्ञाने सक्रियित कोळशाचा मुखवटा सुचवला. अमेरिकेत १९१८ मध्ये मुखवट्यांच्या कोळशासाठी पीच फळाच्या कोयी आणि नारळाच्या करवंट्या गोळा करण्याची मोहीम निघाली आणि शाळकरी मुलांनीही कोयी जमवल्या. क्लोरीन लवकर द्रव होणारा, म्हणून कोळसा त्याला अडवू शकला.

आता मी ज्या मुद्द्याला प्राणाचा मुद्दा म्हणालो, तेथे येतो. वाचकहो, हा भाग कृपया दोनदा वाचा आणि घरातील जो कोणी कारखान्यात, बोटीवर किंवा टाक्या साफ करण्याच्या कामावर जात असेल त्याला वाचून दाखवा.

वरची यादी पुन्हा पाहा. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू यादीत नत्रवायूच्या शेजारी बसला आहे. याचा अर्थ असा की साध्या कोळशाचा मुखवटा त्याला अडवीत नाही. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपल्यावर माणसे दगावतात ती याच वायूने. त्याला वास नाही, रंग नाही. जो कोळसा जळताना हा वायू देतो, तोच कोळसा मुखवट्यात बसून त्याला पकडील अशी आशा कोणी करू नये.

दुसरे, मुखवटा हवा गाळतो; तो प्राणवायू तयार करीत नाही. जुनी विहीर, मैल्याची टाकी, गटाराचे भुयार, बोटीचा मासळीचा खण, या ठिकाणी कित्येकदा प्राणवायूच कमी झालेला असतो. साध्या हवेत तो २१ टक्के असतो; १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की गाळणीचा मुखवटा वापरू नये, असा सुरक्षिततेचा नियम आहे. तेथे बाहेरून हवा पुरवणारे साधनच लागते. कुजलेल्या मासळीच्या व मैल्याच्या जागी हायड्रोजन सल्फाइड वायू साचतो. त्याला आधी सडक्या अंड्यांसारखा वास येतो. पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि वास आला नाही म्हणून माणूस निर्धास्तपणे आत उतरतो. एक खाली पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा. अशा एकामागून एक मृत्यूंच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो. संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात वा मैल्याच्या टाकीत उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई केली आहे, हेही ठाऊक असू द्या. आपला भाऊ वा मुलगा 'नाही' म्हणाला, तर तो कामचुकारपणा नव्हे.

तिसरे, मुखवट्याचा प्रत्येक डबा प्रत्येक वायूसाठी नसतो. काही वायू कोळसा नुसत्या ओढीने धरू शकत नाही. त्यांच्यासाठी कोळशाला निरनिराळ्या रसायनांचे पूट दिलेले असते. म्हणून डब्यावर लिहिलेले वाचता आले पाहिजे. आणि डबा कायमचा नसतो. घरे भरली की पुढचा वायू सरळ नाकात येतो. मुदत संपलेला डबा लावणे म्हणजे दार नसलेल्या घराला कुलूप लावणे होय.

चौथी गोष्ट कोळशाच्याच कारखान्यातील. ओला सक्रियित कोळसा भरलेल्या बंद टाकीतील प्राणवायू हळूहळू कोळसाच ओढून घेतो. टाकी स्वच्छ दिसते, वास नसतो, पण आत श्वास घेण्याजोगी हवा राहिलेली नसते. हवा तपासल्यावाचून अशा टाकीत डोके घालू नये.

आता वायूंच्या वाटणीकडे वळू. हवेत ७८ टक्के नत्रवायू आणि २१ टक्के प्राणवायू. दोघांना वेगळे करायचे आहे. वरच्या नियमाने पाहिले तर कोळसा दोघांनाही सारखाच, आणि थोडाच, धरतो. मग वाटणी कशी होणार? येथे शास्त्रज्ञांनी दुसरी युक्ती काढली. प्राणवायूचा रेणू नत्रवायूच्या रेणूपेक्षा किंचित बारीक आहे. दोघांतील फरक एका मिलिमीटरचे साडेपाच कोटी भाग केले तर त्यातील एका भागाएवढा! हायड्रोकार्बनाची वाफ तापलेल्या कोळशावर सोडून छिद्रांच्या तोंडाशी कार्बनाचा बारीक थर बसवतात आणि दारे नेमकी इतकी अरुंद करतात की प्राणवायू चटकन आत जातो, नत्रवायू मात्र दारातच रेंगाळतो. या कोळशाला कार्बन रेणुचाळणी म्हणतात. जर्मनीतील एसेन येथील बेर्गबाऊ-फोर्शुंग या कोळसा संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात तिचा कारखान्यासाठी उपयोग करून दाखवला.

कामाची रीत अशी. दोन उंच नळकांडी घ्यायची, दोन्हींत रेणुचाळणीचा कोळसा. पहिल्यात दाबाखाली हवा सोडायची. प्राणवायू कोळशात शिरतो, नत्रवायू वरून बाहेर पडतो. तो गोळा करायचा. मिनिटभरात घरे भरत आली की हवा दुसऱ्या नळकांड्याकडे वळवायची आणि पहिल्याचा दाब सोडून द्यायचा. दाब गेला की भाडेकरू निघून जातात आणि कोळसा पुन्हा रिकामा होतो. आळीपाळीने हे चालूच राहते. दाब बदलून वाटणी करण्याची ही पद्धत अमेरिकेतील स्कारस्ट्रॉम या अभियंत्याने मांडली; त्याला १९६० मध्ये पेटंट मिळाले. वेफर्सच्या फुगलेल्या पाकिटात जो नत्रवायू असतो, औषधांच्या कारखान्यात आग लागू नये म्हणून जो टाक्यांत भरतात, तो पुष्कळ ठिकाणी असाच जागच्या जागी बनवतात.

या ज्ञानाची किंमत किती, हे महाराष्ट्राने एप्रिल २०२१ मध्ये पाहिले. करोनाच्या दुसऱ्या लाटेत रुग्णालयांबाहेर प्राणवायूसाठी धावाधाव चालली होती. सिलिंडरच्या रांगेत आपल्यापैकी कोण कोण उभे होते, ते येथे सांगण्याची गरज नाही. त्या वेळी पवईच्या आय.आय.टी.त प्राध्यापक मिलिंद अत्रे यांच्या नेतृत्वाखाली एक साधा विचार पुढे आला. नत्रवायू बनवणारी यंत्रे देशात अनेक कारखान्यांत आहेत. त्यांच्या नळकांड्यांत कोळसा आहे आणि तो प्राणवायूला अडकवून नत्रवायू बाहेर सोडतो. त्या कोळशाच्या जागी झिओलाइट हे खनिज भरले तर? झिओलाइटचा स्वभाव उलटा. तो नत्रवायूला धरतो आणि प्राणवायूला सोडतो. यंत्र तेच, दाबाचा पंप तोच, झडपांत थोडा फेरफार; आणि नत्रवायूच्या जागी प्राणवायू! टाटा कन्सल्टिंग इंजिनिअर्स आणि स्पॅनटेक इंजिनिअर्स यांच्या सहकार्याने हा प्रयोग करण्यात आला आणि ९३ ते ९६ टक्के शुद्धतेचा प्राणवायू मिळाला.

मला या घटनेचे मोल वाटते ते यासाठी. त्या दिवसांत जो कोणी 'कोळसा काय करतो' हे नीट जाणत होता, त्यालाच 'कोळसा काढून दुसरे काय भरावे' हे सुचले. नुसते पाठांतर अशा वेळी उपयोगी पडत नाही. कार्यकारणभाव ठाऊक असावा लागतो.

कोळशाची आणखीही कामे आहेत. गोबर गॅसमध्ये निम्म्याहून थोडा अधिक मिथेन आणि उरलेला बहुतेक कार्बन डायॉक्साइड असतो. कार्बन डायॉक्साइड कोळशात अडकवला की जवळजवळ शुद्ध मिथेन मिळतो आणि त्यावर वाहन चालते. हायड्रोजन तयार करणाऱ्या कारखान्यांतही त्यातील भेसळ काढायला कोळसा लागतो. कारखान्याच्या धुराड्यातून जाणारा कार्बन डायॉक्साइड पकडण्याचे प्रयत्नही चालू आहेत. शुद्ध कार्बन डायॉक्साइड असेल तर खोलीच्या तापमानाला उत्तम प्रतीचा एक ग्रॅम कोळसा सुमारे १०० मिलिलिटर वायू धरतो. पण धुराड्यात तो १२-१५ टक्केच असतो, सोबत पाण्याची वाफ असते आणि धूर गरम असतो. म्हणून प्रत्यक्षात काम अवघड होते. हा प्रश्न अजून सुटलेला नाही. तुमच्यापैकी कोणासाठी तरी तो शिल्लक आहे.

याच क्षेत्राला २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते कोळशाला नव्हे, त्याच्या नव्या प्रतिस्पर्ध्याला. धातू आणि सेंद्रिय रेणू यांची चौकट बांधून केलेले सच्छिद्र पदार्थ बनवल्याबद्दल कितागावा, रॉबसन आणि ओमर याघी या तिघांचा हा गौरव झाला. याघी यांचा जन्म अम्मान शहरातला, निर्वासित पॅलेस्टिनी कुटुंबातला. घरात वीज नव्हती, नळाचे पाणी नव्हते. पंधराव्या वर्षी ते अमेरिकेत शिकायला गेले. आमच्या घरी अभ्यासाला जागा नाही, असे सांगणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे नाव ध्यानात ठेवावे. मात्र या चौकटी महाग असतात आणि त्यांतील पुष्कळ ओलाव्याने बिघडतात. कोळसा स्वस्त असतो, पाण्याला भीत नाही आणि पुनःपुन्हा वापरता येतो. म्हणून म्हातारा कोळसा अजून निवृत्त झालेला नाही.

आता आपल्या करवंटीकडे परत येऊ. आपल्याकडे ती बंबात किंवा चुलीत जाते, नाहीतर परसात पडून तिच्यात पावसाचे पाणी साचते व डास होतात. कोणी म्हणेल, मग उद्यापासून कोळशाचा कारखाना काढू या. एवढे सोपे ते नाही, आणि खोटी आशा दाखवणे हे शिक्षकाचे काम नव्हे. उघड्या खड्ड्यात करवंटी जाळली तर धुराने गाव हैराण होते, डांबराचे पाणी विहिरीत उतरते. त्यासाठी बंद भट्टी लागते, निघणारा वायू जाळून त्याचीच उष्णता वापरावी लागते. सक्रिय करण्याची दुसरी पायरी तर भांडवलाची आणि तज्ज्ञतेची आहे. परंतु करवंटी स्वच्छ वेगळी ठेवणे, एकत्र विकणे, बंद भट्टीत चांगला कोळसा करणे, ही पहिली पायरी बचत गटांना आणि सहकारी संस्थांना अशक्य नाही. कच्चा माल विकणारा आणि पक्का माल विकणारा यांच्या मिळकतीत जो फरक असतो, तो मुख्यतः ज्ञानाचा असतो.

ते ज्ञान मिळवण्याची ठिकाणे फार दूर नाहीत. मुंबईत माटुंग्याला रसायन तंत्रज्ञान संस्था आहे, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. पालकांना माझी विनंती आहे की मुलगा वा मुलगी दहावीला गणित-विज्ञानात बरे गुण मिळवील, तर 'आपल्याला कशाला ते' असे म्हणून वाट बंद करू नका. मुलींच्या बाबतीत तर मुळीच नको. प्रयोगशाळेतील तराजूला वजन कोण करतो आहे हे कळत नसते.

विद्यार्थ्यांनी घरी करण्याजोगा एक निरुपद्रवी प्रयोग सांगतो. झाकणाच्या दोन सारख्या बरण्या घ्या. दोन्हींत कापसाच्या बोळ्यावर अत्तराचा एकेक थेंब टाका. एकीत मूठभर सक्रियित कोळसा पुरचुंडी बांधून ठेवा. दुसरी तशीच राहू द्या. झाकणे घट्ट लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी उघडून वास घ्या. मग तिसऱ्या बरणीत त्याच रीतीने चुलीतला साधा कोळसा ठेवून पाहा. तिन्हींतील फरक वहीत लिहा आणि तो का पडला याचे कारण स्वतः शोधा. कोळशाची पूड तोंडात घालू नका, आणि कोळसा बंद खोलीत पेटवू तर अजिबात नका.

शेवटी एवढेच मागणे. आपल्या घरातील जो माणूस कामावर मुखवटा लावतो, त्याला विचारा : डब्यावर कोणत्या वायूचे नाव आहे? मुदत कधी संपते? टाकीत उतरण्यापूर्वी हवा कोण तपासतो? या तीन प्रश्नांची उत्तरे त्याला देता आली नाहीत, तर त्याने ती वरिष्ठांकडे मागावीत आणि मिळेपर्यंत आत उतरू नये. या भाषणातील बाकी सारे विसरलात तरी चालेल, हे तीन प्रश्न विसरू नका.